तूत, हातूर, अमशीर

इजिप्तच्या खेड्यातला शेतकरी एकाच वेळी तीन कालगणना सांभाळतो. सरकारी कामाला इंग्रजी तारीख, रमजान-ईदसाठी हिजरी चांद्रवर्ष, आणि शेतासाठी तिसरी, सगळ्यांत जुनी: तूत, बाबा, हातूर, कियाहक, तूबा, अमशीर, बरमहात, बरमूदा, बशन्स, बऊना, अबीब, मिस्रा. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाच्या शेवटी उरलेल्या पाच-सहा दिवसांचा एक इवलासा तेरावा. आज हे कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या मूळच्या ख्रिस्ती चर्चचं पंचांग म्हणून ओळखलं जातं, पण पाच वेळा नमाज पढणारा शेतकरीही गहू पेरतो तो हातूरमध्येच. हातूर म्हणजे हाथोर, गायीच्या कानांची देवी. तूत म्हणजे थोथ, लेखणीचा आणि हिशेबाचा देव. बशन्समध्ये चंद्रदेव खोन्सू आहे. या देवांच्या देवळांतली शेवटची पूजा बंद पडून दीड हजार वर्षं होत आली. तरीही त्यांची नावं दर वर्षी ओळीने शेतात घेतली जातात. घेणाऱ्याला ती देवांची आहेत हे ठाऊक असतंच असं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं कैरोत राहिलो. आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे दारवान, दक्षिणेतल्या लक्सर शहराच्या पश्चिम तीरावरच्या एका गावचा. फेब्रुवारीत एकदा धुळीचं वादळ सुटलं, गच्चीवरचे कपडे उडाले, तेव्हा त्याची बायको जिन्यात हसून म्हणाली, "अमशीर आहे बाई, अमशीर!" आम्ही तिला उम्म मुहम्मद म्हणायचो, तिच्या थोरल्याच्या नावावरून, तिकडच्या रीतीप्रमाणे. मला वाटलं, अमशीर हे वाऱ्याचंच नाव असावं. मग तिने पायरीवर बसून एकेका महिन्याची म्हण सांगितली, आणि माझं ऐकणं सुरू झालं ते तिथून.

हातूर म्हणजे विखुरलेल्या सोन्याचा बाप, कारण गव्हाचं बी तेव्हा मातीत पडतं. कियाहकमध्ये तुझी सकाळ हीच तुझी संध्याकाळ. न्याहारीवरून उठावं आणि रात्रीच्या जेवणाला लागावं, इतका दिवस लहान. तूबा तरण्या पोरीची म्हातारी करतो, अशी थंडी. अमशीर वावटळींचा बाप. बरमहात आला की शेतात जा आणि घेऊन ये. मिस्रात अडून बसलेला कालवासुद्धा वाहायला लागतो. आपल्याकडे 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणणाऱ्या आजीला या म्हणी कुणी समजावून सांगाव्या लागणार नाहीत. पीक, पाणी आणि आकाश यांचा हिशेब यमकात बांधून ठेवायचा, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो चुकत नाही.

यातल्या मिस्राच्या म्हणीपाशी मी फार अडखळले. ऑगस्ट-सप्टेंबरचा हा महिना. इथिओपियाच्या डोंगरांवरचा पाऊस घेऊन नाईल चढायची, काठ ओलांडून शेतांत शिरायची, काळा गाळ ठेवून ओसरायची. सगळा देश या एका चढउतारावर जगायचा. जुन्या वर्षाचे तीन ऋतूही त्यावरूनच: पुराचा, उगवणीचा, कापणीचा. कैरोतल्या रोदा बेटावर इ.स. ८६१ मध्ये बांधलेली पाण्याची उंची मोजायची विहीर अजून आहे, आत हातांच्या मापाच्या खुणा कोरलेला दगडी खांब आहे. पाणी सोळा हात चढलं की कालव्यांचे बांध फोडायचे, आणि त्या वर्षीचा सारा पक्का व्हायचा. मग १९६० ते १९७० या दशकात आस्वानला उंच धरण झालं आणि पूर कायमचा थांबला. मिस्रात आता कुठलाच कालवा अडून बसत नाही आणि कुठलाच आपणहून सुटत नाही. पाणी वेळापत्रकाने येतं. उम्म मुहम्मदने आयुष्यात पूर पाहिलेला नाही, पण म्हण तिच्या तोंडात तशीच आहे.

पुराच्या आधीची एक रात्र होती, बऊना महिन्यातली, आपल्या हिशेबाने १७ जूनची. तिला थेंबाची रात्र म्हणत. या रात्री आकाशातून एक थेंब नाईलमध्ये पडतो आणि त्याने नदी फुगायला लागते, ही श्रद्धा. एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजाने १८३० च्या दशकात कैरोत राहून ही रात्र टिपून ठेवली आहे. सूर्य मावळला की बायका गच्चीवर कणकेचे गोळे मांडत, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक. पहाटे जाऊन बघायचं. ज्याच्या गोळ्याला तडा गेला तो दीर्घायुषी, ज्याचा जसाच्या तसा राहिला त्याचं हे वर्ष कठीण. कणीक फुगली म्हणजे नदी फुगणार, आणि नदी फुगली म्हणजे माणूस तगणार. शतकानुशतकांच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या बायकांचं हे तर्कशास्त्र आहे आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं. दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पौसानियस लिहून गेला आहे की नदी चढायला लागली की इजिप्तचे लोक म्हणतात, इसिस देवी मेलेल्या नवऱ्यासाठी, ओसायरिससाठी, रडते आहे आणि हे तिचे अश्रू आहेत. पुढे चर्चने त्याच सुमाराला देवदूत मिखाएलचा सण धरला. पाणी चढावं म्हणून देवाजवळ रदबदली करणारा तो. थेंब ढाळणारी बदलली, मागणारा बदलला, तारीख मात्र हलली नाही.

हे सगळं आता विरलं आहे. उम्म मुहम्मदला थेंबाची रात्र आजीकडून ऐकून माहीत होती, स्वतः तिने गोळे कधी मांडले नव्हते. यातून मला जे दिसलं ते सांगते: चालीरीती श्रद्धेवर तगत नाहीत, कामावर तगतात. अमशीरला अजून वारा सुटतो, हातूरमध्ये अजून गहू पेरावा लागतो, म्हणून ते महिने जिवंत आहेत. पूर गेला आणि त्याची रात्र त्याच्यामागे गेली. फारोचे देव, रोमन सत्ता, ख्रिस्ती धर्म, इस्लाम, इतकं सगळं पचवून उरलेली गोष्ट एका काँक्रीटच्या भिंतीपुढे दोन पिढ्या टिकली नाही.

खेड्यातल्या या रीतींकडे पहिल्यांदा पद्धतशीर पाहिलं ते विनिफ्रेड ब्लॅकमन या बाईंनी. ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकलेल्या, भाऊ एलवर्ड नावाजलेला इजिप्तविद्यातज्ज्ञ. १९२० च्या दशकात त्या वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तच्या खेड्यांत महिनोन्‌महिने राहिल्या. बाळंतपण, दृष्ट काढणं, ताईत, मूल होण्यासाठीचे उपाय, बायकांच्या मंडळीतलं काय ते सगळं ऐकलं आणि १९२७ साली त्यांचं पुस्तक आलं. गव्हाच्या कापणीआधी उत्तम ओंब्या खुडून त्यांची एक वेणी विणतात आणि दाराला टांगतात, तिला गव्हाची नवरी म्हणतात. तीच वस्तू थीब्सच्या, म्हणजे प्राचीन लक्सरच्या, थडग्यांतल्या मळणीच्या चित्रांत असल्याचं ब्लॅकमनबाईंनी दाखवलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. समोर बसलेली बाई त्यांना बऱ्याचदा खिडकीसारखी वाटते, पलीकडचा फारो बघण्यासाठी उघडलेली. ती बाई मध्ये कित्येक शतकं मुसलमान होती, त्याआधी ख्रिस्ती होती, त्या रीतीला तिने स्वतःचं काही जोडलं असेल, याला त्यात जागा कमी पडते.

हा मोह आजही आहे. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस घ्या. इजिप्तमध्ये तो कटाक्षाने पाळतात, आणि ममी करताना शरीर चाळीस दिवस नेट्रॉनच्या खारात सुकवत, म्हणून तो तिथूनच आला असं ठामपणे सांगणारे भेटतात. पण चाळिसावा रशियातही पाळतात आणि इराणमध्येही. बाळाच्या सातव्या दिवशी त्याला चाळणीत घालून हलवतात, कानाशी पितळी खल बडवतात, आई त्याच्यावरून सात वेळा पाय टाकून जाते. त्याचं नातं बाळाचं नशीब सांगणाऱ्या सात हाथोरांशी जोडलं जातं. असेलही. सात हा आकडा मात्र जगभर पवित्र आहे, तेव्हा मी तिथे थांबते. शम्म अन्-नसीमचं तसं नाही. कॉप्टिक ईस्टरनंतरच्या सोमवारी मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही डबे घेऊन नदीकाठी, बागेत, जिथे हिरवळ दिसेल तिथे बसतात. रंगवलेली अंडी, पातीचा कांदा, सॅलडची पानं, आणि फसीख, म्हणजे फुगेपर्यंत ठेवून मग मिठात मुरवलेला बोई मासा. त्याचा वास जिना चढून वर येतो. नीट मुरला नाही तर तो जीव घेतो. १९९१ मध्ये अठरा माणसं दगावली होती. आरोग्य खातं दर वसंतात बजावतं, आणि लोक दर वसंतात खातात. धर्माशी ज्याचा संबंध नाही, सरकार ज्याला भितं, आणि तरीही सगळा देश जे एकाच दिवशी खातो, त्याची मुळं खोल असणार याबद्दल मला शंका नाही.

आणि भाकरी. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बव्वाबच्या गावी गेलो तेव्हा त्याच्या आईने, तिला सगळे हाज्जा म्हणत, मला पहाटे गच्चीवर नेलं. तिथे मातीच्या गोल चकत्या ओळीने मांडलेल्या, ताटाएवढ्या, वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. प्रत्येकीवर कोंडा भुरभुरवून ती आंबवलेल्या कणकेचा गोळा ठेवत गेली. ऊन चढलं तशी कणीक फुगायला लागली. हिला ऐश शम्सी म्हणतात, उन्हाची भाकरी. मध्येच हाज्जा उठली आणि एका काट्याने प्रत्येक गोळ्याच्या कडेला चरे दिले; भाजताना तिथून कणीक फुटून बाहेर येते आणि भाकरीला शिंगं फुटल्यासारखी दिसतात. चरे का द्यायचे, विचारलं, तर म्हणाली, "बिंती (पोरी), आईने असेच दिले." भट्टी मातीची, जळण उसाच्या वाळक्या पाल्याचं. भाकरी बाहेर आली ती जाड, वरून कडक, आत जाळीदार, आंबूस. चकतीच्या कोंड्याचा थर खाली चिकटलेला. मी दोन खाल्ल्या आणि हाज्जाला त्या कमी वाटल्या.

पुढे इटलीत तुरिनच्या संग्रहालयात खा आणि त्याची बायको मेरीत यांच्या थडग्यातलं सामान पाहिलं. खा हा राजांची थडगी खोदून घेणारा मुकादम, गाव देर अल-मदीना, हाज्जाच्या घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. १९०६ मध्ये थडगं सापडलं तेव्हा आत बिछाने, कपडे, मीठ लावलेलं मांस आणि ढीगभर भाकऱ्या होत्या. तेहतीसशे वर्षांहून जुन्या. काचेपलीकडे नाना आकारांच्या भाकऱ्या रचून ठेवल्या आहेत, काहींच्या कडांना टोचे मारलेले. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. हाज्जाच्या भाकरीचा वंश या भाकऱ्यांपर्यंत सरळ पोचतो असं कुणी सिद्ध करून द्यावं असं मला वाटलं नाही. तेच ऊन, तोच गाळ, तशीच कणीक असताना हात वेगळं काय करणार?

मेलेल्यांसाठी भाकरी नेणं अजून चालतं. सणावारी आणि गुरुवारी बायका टोपल्यांत भाकरी, खजूर, खुसखुशीत फाइश घेऊन कबरस्तानात जातात आणि तिथल्या गरिबांना, मुलांना वाटतात. पुण्य मृताला पोचतं. जुन्या थडग्यांच्या भिंतींवर कोरलेलं मागणं हेच असे: हजार भाकऱ्या, हजार घडे बियर. बियर गेली, खाणारी तोंडं जिवंत माणसांची झाली. मला हा बदल मूळ रीतीपेक्षाही चांगला वाटतो.

पण मेलेल्यांशी बोलण्याची जी सवय त्या देशात आहे, तिने मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं. प्राचीन काळी लोक मृत नातेवाइकांना पत्रं लिहीत, कधी नैवेद्याच्या वाडग्यावरच, म्हणजे जेवताना वाचायला सोपं. नेदरलँड्समधल्या लायडनला एक पपायरस आहे. एका विधुराने बायकोला, आंखिरीला, ती गेल्यानंतर काही वर्षांनी लिहिलेला. माझ्या मागे असं हात धुऊन का लागली आहेस, मी तुझं काय वाईट केलं? तरुणपणी तुझ्याशी लग्न केलं, मोठा हुद्दा मिळाला तरी तुला सोडलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला, तू गेलीस तेव्हा माणसांसमोर रडलो, उत्तम वस्त्रात तुला गुंडाळलं, आणि इतकी वर्षं दुसऱ्या बाईकडे गेलो नाही. बत्तीस शतकांपूर्वीचा हा माणूस रात्री झोप येत नसताना काय बोलला ते आपल्याला शब्दश: माहीत आहे. कैरोच्या जुन्या कबरस्तानात इमाम शाफिईंची कबर आहे. थोर धर्मशास्त्री, ८२० साली वारले. त्यांना आजच्या काळातही पत्रं येतात, टपाल खात्याने, तिकीट लावून. जमीन लुबाडली, मुलीला नवऱ्याने टाकलं, चोर सापडेना, तेव्हा इमामसाहेब, न्याय करा. सय्यिद उवैस या समाजशास्त्रज्ञाने ही पत्रं गोळा करून १९६५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाफिई न्यायनिष्ठेसाठी प्रसिद्ध होते, म्हणून दाद त्यांच्याकडे. ज्याला कचेरीत कुणी उभं करत नाही तो मृतांच्या न्यायालयात अर्ज करतो, तेव्हाही आणि आत्ताही. त्या कबरीच्या घुमटावर तांब्याची एक छोटी नाव बसवलेली आहे.

आणि रडणं. वरच्या इजिप्तमध्ये मयताच्या घरी बायका अदीद, म्हणजे शोकगीतं, म्हणतात. एक जाणती बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. माझ्या सिंहा, माझ्या उंटा, असं गेलेल्याला हाक मारून सुरू होतं, कारण घराचा भार वाहणारा तो. हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलंय की घरात मृत्यू झाला की बायका तोंडाला चिखल फासून, छाती पिटत गावातून हिंडतात. ब्लॅकमनबाईंनी विसाव्या शतकात तेच पाहिलं. लक्सरच्या पश्चिमेला शेख अब्द अल-कुर्नाच्या टेकडीवर रामोस या वजिराचं थडगं आहे, त्याच्या भिंतीवर या बायका रंगवलेल्या आहेत: हात वर, डोळ्यांतून गालांवर ठिपक्यांच्या रेघा, आणि त्यांच्यात घुसलेली एक उघडी लहान पोर. मोठ्यांचं बघून हात वर केलेली. ती पोर म्हणजे रीत कशी पुढे जाते याचं चित्रच आहे.

या टेकडीवर, थडग्यांच्या मध्ये आणि वर, कुर्ना नावाचं गाव होतं. रंगवलेल्या मातीच्या भिंतींची घरं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारी माणसं. थडगी लुटतात, सांडपाण्याने चित्रं खराब करतात, असा त्यांच्यावर आरोप, आणि दोन्हींत तथ्यही होतं. त्यांना हलवायचा पहिला प्रयत्न १९४० च्या दशकात झाला. हसन फतही या वास्तुकाराने त्यांच्यासाठी मातीचं देखणं नवं गाव बांधलं, लोक गेले नाहीत. अखेर २००६ च्या डिसेंबरपासून बुलडोझर लागले आणि काही वर्षांत टेकडी मोकळी झाली. चित्रं वाचली पाहिजेत हे मला मान्य आहे. पण रामोसच्या भिंतीवरच्या बायका जे म्हणत होत्या ते म्हणू शकणाऱ्या बायका त्याच भिंतीच्या वर राहत होत्या, आणि त्यांची नोंद अतिक्रमण म्हणून झाली, याचा मला राग आहे. अदीद धर्मगुरूंना पसंत नाही, मशिदीतही नाही आणि चर्चमध्येही नाही. तरुण मुली ते शिकत नाहीत. एलिझाबेथ विकेट यांच्यासारख्या मोजक्या संशोधकांनी ध्वनिमुद्रणं केली, ओळी उतरवल्या. बाकीचं त्या त्या म्हातारीबरोबर जातं आहे.

लक्सरच्या पूर्व तीरावर याच्या उलट घडलं, म्हणून ती जागा मला प्रिय आहे. लक्सरचं देऊळ शतकानुशतकं मातीत बुडत गेलं, वर वस्ती झाली. १८८० च्या दशकात गास्तों मास्पेरो या फ्रेंच इजिप्तविद्यातज्ज्ञाने ते उपसायला घेतलं, घरं काढली, पण तेराव्या शतकातला सूफी शेख अबू अल-हग्गाग याची मशीद लोकांनी हलू दिली नाही. ती आजही रामसेस दुसऱ्याच्या चौकात, खांबांच्या डोक्यावर उभी आहे. जुना दरवाजा जमिनीपासून कित्येक फूट उंच हवेत उघडतो, कारण तो लावला तेव्हा जमीनच तिथे होती. खाली देऊळ, मध्ये चर्चचे अवशेष, वर मशीद.

या शेखचा मौलिद, म्हणजे उरूस, भरतो तेव्हा गाड्यांवर नावा चढवून गावभर मिरवतात. आणि फारोंच्या काळी ओपेतच्या उत्सवात आमोन देवाची नाव कर्नाकहून याच देवळात येई. तुतनखामोनच्या कारकिर्दीत कोरलेली ती मिरवणूक आतल्या भिंतींवर पायरीपायरीने दिसते. दोन्हींच्या मध्ये कित्येक शतकांचं कोरं पान आहे, तेव्हा पक्की साखळी कुणी दाखवू शकत नाही. शेख नदीमार्गे आला, त्याची नाव, असं गावकरी सांगतात, आणि त्यांचं उत्तर मला पुरेसं आहे. २५ नोव्हेंबर २०२१ ला कर्नाक ते लक्सर हा स्फिंक्सांचा रस्ता सरकारने मोठ्या थाटात खुला केला. दिव्यांचा झगमगाट, जरीचे वेश, सोनेरी नावा, ओपेतची नक्कल, जगभर थेट प्रक्षेपण. तो रस्ता मोकळा करायला कितीतरी घरं पाडली होती.

मौलिद मात्र कुणी दिग्दर्शित करत नाही. तो शाबान या हिजरी महिन्याच्या मध्यावर, रमजानच्या सुमारे दोन आठवडे आधी असतो आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी हिजरी तारीख बघून घ्या. नावांत लहान मुलं खच्चून भरलेली असतात. घोडे भरधाव सोडतात, ढोल वाजतात, पुरुष काठ्या घेऊन तहतीब खेळतात. युनेस्कोने २०१६ मध्ये आपल्या यादीत घेतलेला हाच तो खेळ, पण इथे तो घामेजलेल्या गर्दीत खेळला जातो. देवळाचं तिकीट सकाळी काढून घ्या आणि दुपारी रस्त्यावर या. बायका-मुलांच्या बाजूला उभं राहिलात तर कुणीतरी ओंजळभर हरभरे हातावर ठेवेल, ते घ्या, आणि नाव कुणाची म्हणून विचारा. जो तो वेगळं सांगेल.